नाकारलेल्या पेटंटांची नोंद कोण ठेवतं?

कुठल्याही विद्यापीठाचा किंवा संशोधन संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. शेवटाकडे कुठेतरी बौद्धिक संपदा कक्षाचं, म्हणजे आपण ज्याला आयपी सेल म्हणतो त्याचं, एक पान असतं. त्यावर तीन आकडे असतात: पेटंट अर्ज दाखल इतके, प्रकाशित इतके, मंजूर इतके. शेजारी वर चढत जाणारे रंगीत खांब. बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात. तुम्ही पेट, नेट किंवा सेटची तयारी करत असाल, तर ते पान जरा थांबून वाचा. संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण निर्देशक, वैधता, विश्वसनीयता यांच्या व्याख्या पाठ करतो. त्या व्याख्या प्रत्यक्षात कशा मोडतात, याचं इतकं सोपं उदाहरण क्वचितच मिळतं.

आधी एवढं लक्षात घ्या की आयपी सेल हा संस्थेचा घरचा वकील असतो. कंपनीत जसा विधी विभाग असतो, पगारावर असलेल्या वकिलांचा, तसंच हे छोटं रूप. त्याच्याकडे पैसा मोजका, माणसं त्याहून मोजकी. अनेक ठिकाणी एखादे प्राध्यापक ‘समन्वयक’ म्हणून जादा कामात हे सांभाळतात, हाताखाली एक कंत्राटी मदतनीस, आणि बाकी काम बाहेरच्या पेटंट एजंटकडे. आणि दरवर्षी मार्च आला की या कक्षाला वरून एकच प्रश्न येतो: वर्षभरात केलंत काय?

प्रश्न रास्त आहे. पैसा करदात्याचा आहे, विचारायलाच हवं. माझी तक्रार उत्तराबद्दल आहे. दाखल केलेल्या अर्जांची संख्या हे त्या प्रश्नाचं उत्तर नाहीच. अर्ज दाखल करणं हा खर्च आहे. खर्चाच्या पावत्या मोजून त्याला कमाई म्हणायचं, असा हा प्रकार.

हे मी एकटीच म्हणत नाही. २०१७ मध्ये सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनी आपल्याच शास्त्रज्ञांना पत्र लिहून हेच सांगितलं होतं. सीएसआयआरची बहुतेक पेटंटं ही ‘बायोडेटा पेटंटं’ आहेत, म्हणजे बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून घेतलेली, आणि तांत्रिक, व्यापारी, कायदेशीर छाननी न करता ती दाखल करत राहणं हा सार्वजनिक पैशाचा शहाणपणाचा वापर नाही, असा त्याचा आशय होता. बोलणारा माणूस हिशेब तपासनीस नव्हता, हे महत्त्वाचं. चंदीगडच्या ‘इमटेक’मध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजवर त्यांनी स्वतः काम केलं होतं आणि ते औषध बाजारात पोहोचलेलं त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे चालणारं पेटंट कसं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वेळच्या बातम्या मात्र तुम्ही संशोधकाच्या डोळ्यांनी वाचा. दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले: तीन वर्षांत पेटंटांवर सुमारे ५० कोटी रुपये खर्च, आणि सुमारे १३,००० पेटंटं, त्यातली साडेचार हजारांच्या आसपास भारतात आणि बाकी परदेशात. काही ठिकाणी वाक्यरचना अशी होती, की तीन वर्षांत १३,००० अर्ज केले असं वाटावं. आता भागाकार करा. ५० कोटी भागिले १३,००० म्हणजे एका पेटंटला साडेअडतीस हजार रुपयांच्या आत. परदेशात अर्ज करायचा तर तिथला वकील, तिथलं शुल्क, जपान किंवा चीनसाठी भाषांतर. एका देशासाठीसुद्धा हा खर्च लाखांत जातो. त्यामुळे हे दोन आकडे एकाच काळाचे असू शकत नाहीत. खर्च तीन वर्षांचा, पेटंटं कित्येक वर्षांत साचलेली. अंशाचा काळ वेगळा, छेदाचा वेगळा. कोणी खोटं बोललेलं नाही, तरी गुणोत्तर निरर्थक झालं. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ही सवय आत्ताच लावून घ्यावी: दोन संख्या एका वाक्यात दिसल्या की आधी त्यांच्या तारखा विचारायच्या.

साहनींच्या टीकेतही एक जागा रिकामी राहते. ५० कोटी वाया गेले म्हणायचं, तर ते न खर्चता काय झालं असतं हे सांगावं लागेल. ते कुठल्याच बातमीत नव्हतं. ही रिकामी जागाच या लेखाचा विषय आहे. पण तिकडे जाण्याआधी तो खांबांचा आलेख नेमकं काय मोजतो, ते बघू.

‘प्रकाशित’ या शब्दाने नवा विद्यार्थी हमखास फसतो. आपल्याकडे शोधनिबंध प्रकाशित झाला म्हणजे कोणीतरी तो तपासला, असा अर्थ होतो. पेटंटात तसं काही नसतं. अर्ज दाखल होऊन १८ महिने झाले की तो आपोआप पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला जातो. फॉर्म ९ भरून थोडं जादा शुल्क दिलं, तर महिनाभरातच छापून येतो. परीक्षकाने तोवर तो उघडलेलासुद्धा नसतो. परीक्षण व्हावं म्हणून वेगळी विनंती करावी लागते, तिचं शुल्क वेगळं. ठरलेल्या मुदतीत विनंती केली नाही, तर अर्ज मागे घेतला असं कायदाच धरतो. म्हणजे अर्ज करा, छापून आणा, अहवालात ‘प्रकाशित’ म्हणून मोजा, आणि मग विसरून जा. हे सगळं नियमात बसतं.

आणि याला गुण मिळतात. एनआयआरएफच्या अभियांत्रिकी गटासाठी अनेक वर्षं वापरलेल्या सूत्रात पेटंटांना १५ गुण आहेत. त्यातले १० मंजूर पेटंटांना, ५ नुसत्या प्रकाशित अर्जांना. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या संशोधन गुणांमध्ये आंतरराष्ट्रीय पेटंटला १०, राष्ट्रीय पेटंटला ७. त्यात २०२१ साली शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. अर्जाचं ८,००० रुपये शुल्क १,६०० वर आलं. हेतू चांगला होता, गरीब महाविद्यालयातल्या शोधालाही संरक्षण मिळावं. पण गुण तेवढेच आणि किंमत पाचव्या हिश्शावर, म्हटल्यावर दुकान उघडणारच. माझ्या फोनवर दर महिन्याला एक तरी संदेश येतो: ‘पेटंटमध्ये तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नावाची जागा शिल्लक, प्रमाणपत्रासह.’ जागेनुसार दर वेगळा, एसटीच्या आरक्षणासारखा. काही जाहिराती तर परदेशातल्या डिझाइन नोंदणीला सरळ पेटंट म्हणून विकतात. डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, पेटंट म्हणजे तिचं चालणं. दोन्ही कायदे वेगळे. ज्याला हा फरक माहीत नाही, तो पैसे भरतो.

याला मराठीत नेमका शब्द आहे, खोगीरभरती.

आता त्या घरच्या वकिलाकडे परत येऊ. बाहेरचा पेटंट एजंट सहसा अर्जामागे पैसे घेतो. यात त्याचं काही चुकत नाही, तो त्याचा धंदा आहे. पण ‘सर, यात नवीन काही नाही, दाखल करू नका’ हे वाक्य त्याला परवडत नाही. ते वाक्य परवडतं फक्त पगारी माणसाला. प्राध्यापकाचा अर्ज वाचून, जुन्या पेटंटांत आणि निबंधांत दोन दिवस शोध घेऊन, ‘हे २००९ मध्येच छापून आलंय’ असं सांगणारा माणूस संस्थेत असावा, यासाठीच घरचा कक्ष असतो. त्याची खरी किंमत त्याच्या नकारात आहे. पण वार्षिक अहवालात नकारासाठी रकानाच नाही! उलट तो जितका चोख काम करेल, तितका खांब बुटका. पुढच्या वर्षी त्याच आलेखावरून त्याचं कंत्राट नव्याने करायचं की नाही हे ठरणार असेल, तर तो काय करेल? मी त्याच्या जागी असते, तर निमूटपणे अर्ज पुढे सरकवले असते.

मोठ्या कंपन्यांचे विधी विभागही याच अडचणीत असतात, फक्त त्यांचा आकडा वेगळा. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचं उदाहरण या क्षेत्रात सतत सांगितलं जातं. १९९२ मध्ये त्यांनी बाहेरच्या वकिली संस्थांची संख्या साडेतीनशेच्या आसपासवरून चाळिसाच्या आत आणायला घेतली, निवडक संस्थांशी दीर्घकाळाचे करार केले, कामाचं मोजमाप बसवलं. साधनसामग्री नीट वापरण्याचा धडा म्हणून तो चांगलाच आहे. पण किंमत कमी केली हे दाखवणं सोपं आणि मोल वाढवलं हे दाखवणं अवघड, म्हणून बहुतेक विधी विभाग पहिल्यावरच थांबतात. बचत हा वजाबाकीचा आकडा आहे. जो खटला झालाच नाही, जो करार वेळीच दुरुस्त झाला, त्याचं बिल कुठून आणणार?

आपल्याकडचं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हळद. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याच वर्षी रघुनाथ माशेलकर पुण्याच्या एनसीएलमधून सीएसआयआरचे महासंचालक म्हणून दिल्लीला गेले होते. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. आजी लावायची हे तिथे चालणार नव्हतं, छापील पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदीतले काही शंभर वर्षांहून जुने, असे ३२ संदर्भ सादर झाले. १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला निबंधही त्यात होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. शाळेत आपण ही गोष्ट अभिमानाची म्हणून ऐकतो. एकदा ती संदर्भशोधाची म्हणून वाचून बघा. ग्रंथालयात बसून कोणीतरी केलेलं ते साहित्य सर्वेक्षण होतं, आणि एका विधी विभागाने ते पुरावा म्हणून वापरलं. सीएसआयआरच्या खात्यात त्यातून एक रुपया आला नाही आणि स्वतःच्या पेटंटांची संख्याही एकाने वाढली नाही. आजच्या तीन खांबांच्या आलेखात या कामाची नोंद शून्य.

यातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय, टीकेडीएल, उभं राहिलं. परदेशातल्या परीक्षकांना आपल्या ग्रंथांतले संदर्भ त्यांच्या भाषेत मिळावेत म्हणून. त्याचं यश सांगताना आपल्या पुराव्यानंतर किती अर्ज मागे घेतले गेले, नाकारले गेले किंवा बदलले गेले, ही संख्या दिली जाते. काम मोलाचं आहे, माझ्या मनात शंका नाही. पण ‘पुराव्यानंतर’ आणि ‘पुराव्यामुळे’ यात फरक आहे. पेटंट अर्ज एरवीही मोठ्या प्रमाणावर सोडून दिले जातात. कंपनीचा रस संपतो, पैसे संपतात. म्हणून तशाच प्रकारच्या, पण टीकेडीएलचा पुरावा न गेलेल्या अर्जांपैकी किती मागे घेतले गेले, ते शेजारी ठेवल्याशिवाय ही संख्या अर्धवट राहते. कंट्रोल ग्रुपशिवाय औषधाचा गुण सांगितला, तर आपण लगेच हात वर करतो. इथेही करायला हवा.

कोणी म्हणेल, एवढा गुंता कशाला, पेटंटांतून मिळालेली रॉयल्टी मोजा की. मोजा, पण सरासरी काढू नका. स्टॅनफर्डचं कोहेन-बॉयर पेटंट घ्या. डीएनए जोडण्याचं हे तंत्र ४६८ कंपन्यांनी परवान्यावर घेतलं आणि १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत त्यातून २५ कोटी डॉलरहून अधिक मिळाले. हे तंत्र पेटंटयोग्य आहे, हे तिथल्या परवाना कार्यालयाच्या नील्स रायमर्स यांना १९७४ साली वर्तमानपत्रातली बातमी वाचून सुचलं. शोधनिबंध तर १९७३ च्या नोव्हेंबरातच छापून झाला होता. अमेरिकेत प्रकाशनानंतर वर्षभराची सवलत असते. ती संपायला आठवडा उरला असताना अर्ज गेला. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणचा हक्क तोवर गेलेलाच होता. थेसिस शोधगंगेवर चढवण्याआधी किंवा परिषदेत पोस्टर लावण्याआधी आयपी सेलमध्ये एक चक्कर मारा, असं सांगतात ते यासाठी. भारतातली सवलत अमेरिकेपेक्षा बरीच अरुंद आहे.

पण असं पेटंट संस्थेच्या इतिहासात एखादंच येतं. २०१३ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी वॉल्टर व्हाल्दिव्हिया यांनी अमेरिकी विद्यापीठांच्या तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालयांचा अभ्यास केला. वीस वर्षांच्या सरासरीत ८७ टक्के कार्यालयांना स्वतःचा खर्चसुद्धा भरून काढता आला नव्हता. म्हणजे वितरण कमालीचं एका बाजूला झुकलेलं. अशा वितरणात सरासरी ही कुठल्याच प्रत्यक्ष कार्यालयाचं वर्णन करत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाच्या दोन माणसांच्या कक्षाला ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ म्हणणाऱ्याने हा अभ्यास आधी वाचावा.

मग मोजायचं कसं? इथे तुमच्यापैकी काहींसाठी खरोखर प्रबंधाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक जुनी, हुशार युक्ती शँकरमन आणि पेक्स यांची. पेटंट २० वर्षं टिकतं, पण ते जिवंत ठेवायला ठरावीक वर्षानंतर दरवर्षी शुल्क भरावं लागतं आणि ते वाढत जातं. मालक शुल्क भरतोय, म्हणजे त्याच्या मते त्या पेटंटचं मोल निदान तेवढं आहे. १९८६ च्या निबंधात त्यांनी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या अशा नूतनीकरणाच्या नोंदींवरून पेटंटांच्या किमतीचं वितरण काढलं. मालकाला काही न विचारता, त्याने खिशात हात घातला की नाही एवढ्यावरून. मला ही पद्धत फार आवडते.

पण ती उचलून जशीच्या तशी इथे लावू नका. आपल्याकडे सवलतीतल्या शैक्षणिक संस्थेला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये लागतात, मग २,४००, मग ४,८००, आणि सोळाव्या वर्षापासून ८,०००. पूर्ण २० वर्षांची बेरीज ७६,८०० रुपये. सवलत नसलेल्या मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. वर्षाला ८०० रुपये हा आकडा इतका लहान आहे, की तो भरल्यावरून काहीच कळत नाही. प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवर याहून जास्त जातात. शिवाय शुल्क देणारा शोधकर्ता नसतो, कार्यालय देतं, तेही ‘मागच्या वर्षी दिलं म्हणून’. त्या पद्धतीचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: भरणारा स्वतःचा पैसा विचार करून भरतोय. इथे ते गृहीतकच नाही. दुसऱ्या देशातली पद्धत आणताना सूत्र आणायला सोपं असतं, गृहीतकं सीमेवरच राहतात. व्हायव्हात नेमकं यावरच पकडतात.

दुसरा स्रोत खास आपला आहे, फॉर्म २७. भारतात पेटंटधारकाला आपलं पेटंट देशात प्रत्यक्ष वापरात आहे की नाही, याचं निवेदन द्यावं लागतं. सरकारी संस्थांनाही. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती याच फॉर्मसाठी: लोक भरत नाहीत, अर्धवट भरतात, आणि कार्यालय विचारत नाही. नंतर २०२० मध्ये फॉर्म बदलला, आणि २०२४ पासून तो दरवर्षीऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचा झाला. दोन्ही वेळा मागितला जाणारा तपशील आटत गेला. उद्योगांना सोय झाली असेल, अभ्यासकाची मात्र अडचण झाली. तरीही एखाद्या संस्थेची मंजूर पेटंटं घेऊन त्यांचे फॉर्म २७ एकेक उघडून बसलात, तर वार्षिक अहवालातल्या खांबांपेक्षा कितीतरी खरं चित्र मिळेल. कंटाळवाणं काम आहे, पण करण्यासारखं आहे.

तिसरी पद्धत अर्थशास्त्रज्ञांची. अमेरिकेत कुठला अर्ज कुठल्या परीक्षकाकडे जाईल हे बरंचसं नशिबावर असतं, आणि काही परीक्षक मुळातच सढळ, काही कडक. म्हणजे सारख्याच दर्जाच्या दोन अर्जांपैकी एक मंजूर, एक नामंजूर, असा जवळपास नैसर्गिक प्रयोग तयार होतो. फॅरे-मेन्सा, हेगडे आणि युंगक्विस्ट यांनी यावरून नवउद्योगांना पहिलं पेटंट मिळाल्याने पुढे काय फरक पडतो ते मोजलं, आणि फरक मोठा निघाला. भारतात हे करायचं, तर इथे अर्जांचं वाटप कसं होतं हे आधी शोधावं लागेल. ते यादृच्छिक नसेल, तर पद्धत कोसळते.

या तिन्ही पद्धती दाखल झालेल्या अर्जांपासून सुरू होतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दारातूनच परत पाठवलेले अर्ज कुठल्याच विदासंचात नाहीत. आणि घरच्या वकिलाचं खरं काम तर तिथेच आहे. हे बघायचं तर एकच कागद उपयोगाचा: शोध-निवेदनांची नोंदवही. कोणी कधी कोणता शोध घेऊन आलं, जुन्या संदर्भांत काय सापडलं, हो म्हटलं की नाही, आणि कारण काय. ही वही नीट असेल, तर चार-पाच वर्षांनी नाकारलेल्या प्रकरणांचं काय झालं ते तपासता येतं. दुसऱ्या कोणी तेच पेटंट घेतलं का? एखादी कंपनी त्याच कल्पनेवर पुढे गेली का? तसं झालं नसेल, तर नकार बरोबर होता आणि वाचलेला पैसा हे कक्षाचं मोल. तसं झालं असेल, तर तेही नोंदवा. कारण चुकीच्या नकाराची किंमत चुकीच्या होकारापेक्षा खूप मोठी असू शकते. एनसीएलची पॉलिकार्बोनेटवरची अमेरिकी पेटंटं बघून जनरल इलेक्ट्रिक पुण्याच्या दारात आली, आणि त्यातून पुढे दीर्घ सहकार्य झालं. ती पेटंटं जुजबी छाननीत ‘यातून पैसा कुठे येणार’ म्हणून अडली असती तर? पेटंट कधी कधी दारावरच्या पाटीसारखं काम करतं. आत कोण राहतं, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं. ‘फक्त परवाना मिळेल तेच दाखल करा’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, आणि साहनींच्या पत्रानंतर कडक छाननीचं कौतुक करणाऱ्यांचं मला तिथेच पटत नाही.

अजून एक गोष्ट, जी छाननीच्या नियमावलीत कधीच नसते. लेखी कारणाशिवाय दिलेला नकार नेहमी खालच्या माणसाला मिळतो. ज्येष्ठ प्राध्यापकांचा पंधरावा अर्ज चहा संपायच्या आत पुढे जातो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ‘बघू, पुढच्या बैठकीत’ सांगितलं जातं, आणि तोवर तिची परिषद होऊन जाते, पोस्टर लागतं, नावीन्य संपतं. कक्षाकडे वेळ आणि पैसा कमी आहे हे मान्य. पण कमी असलेली गोष्ट कोणाला मिळाली, हे सांगायचं बंधन कमी असतानाच जास्त असतं. नोंदवही असेल, तर निदान हे दिसेल.

तुम्हाला हे तपासायचं असेल, तर प्रबंधाची वाट बघायची गरज नाही. सरकारी विद्यापीठं आणि संस्था माहितीच्या अधिकारात येतात. अर्ज साध्या कागदावर, केंद्रीय संस्थेसाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. शोधाचा तपशील मागू नका, व्यापारी गुपित म्हणून कलम ८ खाली तो नाकारता येतो. फक्त संख्या मागा, आर्थिक वर्षानुसार: शोध-निवेदनं किती आली, त्यांपैकी किती लेखी कारणासह नाकारली, प्रकाशित अर्जांपैकी किती परीक्षणाची विनंती न केल्यामुळे बाद झाले, आणि बाहेरच्या एजंटांना किती रक्कम दिली. दुसऱ्या प्रश्नाला ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ असं उत्तर आलं, तर ते पत्र जपून ठेवा. तुमच्या प्रपोझलमधल्या ‘संशोधनाची गरज’ या परिच्छेदाला तो पहिला पुरावा होईल.